एक इंच दोन सूत

महामायाला अपूर्णांक जमत नाहीत म्हणून मी तिच्या मामाला तिच्याजवळ बसवलं, आणि तिथंच घात झाला.

महामाया माझी पोरगी, सहावीत आहे. कविता म्हण म्हटलं तर घडाघडा म्हणेल, पण अपूर्णांकाचा दशांश कर म्हटलं की पेन्सिल चावत बसते. त्या संध्याकाळी मी मशीनवर होते. गिऱ्हाइकाच्या घरी लग्न, ब्लाऊज दुसऱ्या दिवशी द्यायचे, माझं डोकं आधीच तापलेलं. भाऊ खाटेवर लोळत होता. म्हटलं, "आदर्श, ऊठ. कधीचा मोबाईल घासून राहिलास. भाचीला दोन गणितं दाखव, हात झिजत न्हाईत तुझे."

आदर्श माझ्यापेक्षा लहान. इथंच नायगावात एका वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणारं लेथ चालवतो. माप टाकायचं, मशीन लोखंड कापतं. त्याआधी तो मोबाईलच्या दुकानात होता. लोखंडाचं काम त्याला कुणी शिकवलं नाही, मालकाला बटणं दाबणारा पाहिजे होता. पण पोरगा मन लावून करायचा. बाबांना त्याचा केवढा गर्व!

बाबा, म्हणजे निवृत्ती, विहिरी खोदायचे. रामकिशनकाकांच्या क्रेनवर ते कामाला होते. क्रेनच्या चाकावरून तार जाते, तारेला बकेट, आणि बकेटमध्ये बसून माणूस खाली उतरतो. मागच्या उन्हाळ्यात, ते चाक जिच्यावर फिरतं ती पिन झिजली. काका म्हणाले, नांदेडहून करून आणू. बाबा हटूनच बसले, "माझा पोरगा लेथवर असताना नांदेडला कशापायी?" त्यांनी आदर्शला फोनवर माप सांगितलं, एक इंच दोन सूत. तरुणपणी ते गवंड्याच्या हाताखाली होते, त्यामुळं त्यांचं सगळं माप सुतात. पिन आली तर चहाच्या हॉटेलात नेऊन दाखवली. येईल त्याला म्हणायचे, "जय भीम. हे बघा, लेकाच्या हातची हाय."

दीड महिन्यानं ती पिन निसटली. चाक सुटलं आणि बाबा बकेटीसकट खाली गेले. मी त्यांना पाहिलं नाही, पाहू दिलं नाही कुणी.

रामकिशनकाका म्हणाले, पिनीच्या टोकाला अडकवलेला खिळा तुटला. लोक म्हणाले, नशीब. पोलिसांनी अपघात लिहून घेतला. काकांनी पिन घरी आणून दिली, ती आईनं बाबांच्या फोटोखाली ठेवली. रोज सकाळी बाबासाहेबांना, बुद्धाला फूल वाहते, बाबांना वाहते, आणि एक फूल त्या पिनीवर. माझ्या अंगावर काटा यायचा. पण आमच्या आईला, सरजाबाईला, कोण बोलणार? आई म्हणायची, "राहू दे गं. त्यांच्या जिवाची होती ती."

तर त्या संध्याकाळी आदर्श महामायाला सांगत होता, "अपूर्णांक म्हंजे काय भूत हाय का? तुझा मामा रोज हेच करून राहिलाय. आज दुपारीच रामकिशनकाकाची पिन केली. माप एक इंच दोन सूत. आता सूत म्हंजे इंचाचा तुकडाच की. पण मशीनला सूत कळत न्हाई, त्याला दशांश लागतो. मग काय टाकायचं? एक पॉइंट दोन. झालं!"

"एवढंच?" महामाया म्हणाली. "लई सोपं हाय की, मामा."

माझा पाय मशीनवरच थांबला.

गळ्यात टेप होता. दिवसभर त्याच्यावरच तर माझं पोट चालतं. इंचाचे आठ सूत, निम्मे चार, त्याचे निम्मे दोन. दोन सूत म्हणजे पाव इंच. एक इंच दोन सूत म्हणजे सव्वा. एक पॉइंट दोन पाच. मी मनात पुन्हा मांडलं, उलटं मांडलं. माझंच चुकू दे, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"आदर्श," मी म्हटलं, "एका इंचात सूत किती रे?"

"दहा," तो वर न बघता म्हणाला. "किती असणार? दहाच की."

शाळेच्या पट्टीवर सेंटीमीटरचे दहा भाग असतात, तेच याच्या डोक्यात. वर्कशॉपला बहुतेक मापं मिलीमीटरमध्ये येतात, म्हणून चूक कधी उघडी पडलीच नाही. कुणी इंचात दीड म्हटलं तर तो दीडच टाकतो, सव्वा म्हटलं तर सव्वाच. सुतात बोलणारे दोघंच, बाबा आणि रामकिशनकाका. बाबांनी नुसतं सव्वा इंच म्हटलं असतं तर ते आज समोर बसून चहा पीत असते. फरक जेमतेम सव्वा मिलीमीटरचा. पण भोकात तेवढी खुळखुळ रोज झाली तर टोकाचा खिळा किती दिवस टिकणार?

त्याच्या थोबाडीत द्यावी वाटली. आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरावं वाटलं. बाबा गेल्यावर पोरगा महिनाभर नीट जेवला नव्हता. आत्ता कुठं हसायला लागला होता. मी गिळून टाकलं असतं, शपथ, मरेपर्यंत बोलले नसते. पण आज दुपारी त्यानं दुसरी केली होती.

मी फोन घेऊन मागच्या अंगणात गेले.

"काका, ती आजची पिन बसवली का?"

"हाव, बसली की," रामकिशनकाका म्हणाले. "इस्लापूरकडं विहीर लागलीय. उद्या सकाळी माणसं उतरवायची. जरा ढिली हाय, पण ग्रीस मारलं, चालतंय."

ढिली हाय.

"काका, तिच्यावर माणूस उतरवू नका. तिला तडा हाय. आदर्शच म्हणत होता."

"तडा? मघाशी नेताना काय बोलला न्हाई तो. थांब, त्यालाच इचारतो."

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता. आत आदर्शचा फोन वाजला. मी तिथंच मोरीच्या दगडावर बसले. थोड्या वेळानं तो तणतणत बाहेर आला.

"ताई, डोकं फिरलं का तुझं? माझ्या पिनीला तडा हाय म्हणून सांगितलंस? बाबा गेल्यावर त्यांनी पुन्हा माझ्यावर भरवसा ठेवला, आन् तू घरची असून..." त्याचा आवाज फाटला. "काय वाकडं केलंय मी तुझं?"

मला खोटं सुचेना. मी गळ्यातला टेप काढला आणि त्याच्या हातात दिला.

"एक इंच मोज. आतल्या रेघा बघ."

"आता हे काय?"

"मोज रे राजा. तुझ्या पाया पडते."

त्यानं टेप दिव्याखाली धरला आणि अंगठ्याच्या नखानं रेघा मोजल्या. आठाशी नख थांबलं. पुन्हा सुरुवातीपासून मोजल्या, दुसरा इंच घेतला. मग ओठ हलायला लागले, मनात भागाकार करत होता. दोनाला आठानं भाग जाईना म्हणून शून्य घेतलं असणार. मला त्याच्याकडं बघवेना, पण मान वळवता येईना.

"पॉइंट दोन पाच," तो म्हणाला.

मी टेप त्याच्या हातातून काढून घेतला.

"ताई, मग बाबांची?"

मी त्याचा हात धरला. तो हात एकदम जड झाला. तो खालीच बसला आणि त्याच्या घशातून असा आवाज निघाला की महामाया आतून रडत पळत आली.

आई दारात उभी होती. कधीपासून होती कोण जाणे. भाकरीचं पीठ हाताला तसंच.

"आधी रामकिशनला फोन लाव," ती म्हणाली. आवाज कोरडा. "उद्या उतरणाऱ्यालाबी लेकरं असतील. रडायला मग लई दिवस हायेत."

आदर्शनं फोन लावला. नंबर दोनदा चुकला. "काका, पिन काढा. तडा न्हाई. बारीक झालीय, माझ्या हातनं. माप चुकलं." मग बराच वेळ तो ऐकत राहिला. "हाव," म्हणाला शेवटी. "मागचीबी. बाबांचीबी मीच चुकवली."

आई आत गेली. मला वाटलं, आता ती पिन उचलून उकिरड्यावर भिरकावते. मी मागोमाग गेले. ती फोटोसमोर उभी होती. पिनीवरचं सकाळचं सुकलेलं फूल तिनं बाजूला केलं, पिन उचलून पदरात घेतली आणि पुसत राहिली.

"आई, त्याला काय बोलू नको गं," मी म्हटलं. "त्याला ठाऊक नव्हतं."

"त्याला न्हवतं," आई म्हणाली. "तुझ्या बाबाला व्हतं. ढिली लागतीय म्हणले व्हते मला, दुसरी करून घेऊ का म्हणले. मीच म्हणलं, राहू द्या, लेकराचं मन मोडल."