एकेचाळीस प्रश्न

कारभारी नावाचा माणूस माझ्या शिकवण्यामुळे मेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायचा मोह कुणाला होणार नाही.

मी जबड्याचा सर्जन. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडलं-मिटलं की बोटाखाली जे हलतं, तो जबड्याचा सांधा. आपल्याकडे त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बजाजनगरच्या एका कामगार बाईच्या चांगल्या तीन दाढा एकामागून एक उपटल्या गेल्या, आणि दुखत होता तो सांधा. ती माझ्याकडे आली तेव्हा मी इतका संतापलो, की क्रांती चौकाजवळ एक मजला घेऊन तरुण सर्जनांना शिकवायलाच बसलो. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, एका वेळी आठ जण.

त्यांच्यासाठी मी एक तक्ता केला होता. त्यात एकेचाळीस प्रश्न. तोंड किती बोटं उघडतं, उघडताना आवाज येतो का, जबडा कुठल्या बाजूला वळतो, हनुवटीला मार लागला होता का, झोपेत दात खाता का. "रुग्णाच्या गप्पांत वाहवत जाऊ नका, तक्ता भरा," असं मी रोज बजावायचो. एखादा प्रश्न विचारायचा राहिला तर सगळ्यांसमोर बिनपाण्याने हजामत करायचो. मुलं मला टरकून असायची आणि मला ते आवडायचं.

त्या आठांतल्या अश्लेषाचा एकही प्रश्न कधी राहत नसे. सप्टेंबरात चितेगावच्या बाजूचा एक मेंढपाळ तिच्या खुर्चीत येऊन बसला. तोच कारभारी. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटक. सोबत बायको, आक्काबाई.

"तोंड उघडंना ताई," तो दातांच्या फटीतून बोलला. "दोन दिस झालं. भाकर जाईना."

अश्लेषाने खुर्ची मागे झुकवली, तसे त्याने पाय पोटाशी घेतले आणि धोतराखाली झाकले. तिने सरळ झोपायला सांगितलं.

"नगं. तुमच्यासमोर पाय पसरू व्हय?"

मी मागेच उभा होतो. मला त्याचं कौतुक वाटलं. "राहू दे गं, आपल्याला पायाशी काय करायचंय?" मी म्हणालो. मुलं हसली, कारभारीही हसायला गेला.

एकेचाळीस प्रश्न झाले. हनुवटीला मार? नाय. तोंडावर पडला होतात? नाय. तोंड दीड बोट उघडत होतं आणि दोन्ही गालांचे स्नायू दगडासारखे झाले होते. अश्लेषाने लिहिलं, सांध्याभोवतीच्या स्नायूंचा ताठरपणा. मी वाचलं, खाली सही केली आणि बाकीच्यांना म्हणालो, "याला म्हणतात तपासणी." गरम शेक, गोळ्या, पातळ खाणं, आठ दिवसांनी दाखवा.

"मानबी धरलीय त्यांची," आक्काबाई म्हणाल्या.

मान माझ्या तक्त्यात नव्हती. "शेकाने सुटेल," असं म्हणून मी पुढच्या खुर्चीकडे वळलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरचे त्याला जीपमध्ये घालून घेऊन आले. मागच्या बाकावर कारभारी पाठीतून कमानीसारखा वाकला होता. जीपचं दार वाजलं तरी त्याचं सगळं अंग ताठ व्हायचं, आणि तो पूर्ण शुद्धीवर होता. धनुर्वात. जखमेतून होतो, आणि जबडा नि मान धरणं ही त्याची पहिली खूण. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. मी धोतर बाजूला केलं. उजव्या अंगठ्याखाली चिंधी बांधलेली, आत हळद आणि राख, आणि त्याखाली काळी पडलेली जखम.

"इथे काय झालं होतं?"

"बाभळीचा काटा. आठ-धा दिस झालं. म्याच काढला सुईनं."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?" मी ओरडलो. हो, त्या बाईवर ओरडलो.

"काट्याचं काय सांगायचं सायेब? रोजच भरत्यात."

मोठ्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली, व्हेंटिलेटर लागला. अश्लेषा रोज जाऊन बसायची. मी दोनदा गेलो. आठव्या दिवशी सकाळी कारभारी गेला.

त्या सकाळी वऱ्हांड्यात आक्काबाईंनी मला गाठलं. "सायेब, खरं सांगा. त्या दिशीच कळलं असतं तर वाचले असते का?"

"सांगता येत नाही" हे आम्हा डॉक्टरांच्या जिभेवर तयारच असतं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की ते काही केल्या निघेना.

"बहुतेक वाचले असते," मी म्हणालो.

"म्हंजे माझ्या सुईनं नाय गेले?"

"नाही. काटा काढला ते बरोबरच केलंत. आम्ही ओळखलं नाही."

त्यांनी भिंतीला हात टेकला. "दीर म्हनतो, तुझ्या सुईनं मारलं. चार माणसांत म्हनला. तुमी सांगा त्याला. माझं कोन ऐकनार?"

दीर रामहरी खाली कागदांवर अंगठे उठवत होता. मी "सांगतो" म्हणालो आणि मागच्या जिन्याने उतरून गाडीत बसलो. आयुष्यात स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती, तरी गाडी मी थांबवली नाही.

आठ दिवसांनी अश्लेषा केबिनमध्ये आली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"सर, त्यांच्या दिराला सांगितलंत?"

"नाही."

"उद्या दहावा आहे. मग मी जाते. तक्ता माझ्या हातचा आहे."

ही पोर ते ओझं डोक्यावर घेऊन एकटी जाईल आणि मी इथे नवीन मुलांना शिकवत बसेन, हे मला सहन झालं नाही. सकाळी आम्ही दोघं चितेगावला गेलो.

अंगणात पोती अंथरून पुरुष बसले होते. आक्काबाई लांब मेंढवाड्याच्या भिंतीशी एकट्याच बसल्या होत्या. कोरड्या डोळ्यांनी जमिनीकडे बघत होत्या. त्यांच्याशी एकही बाई बोलत नव्हती. मी रामहरीसमोर उभा राहिलो आणि सांगितलं. काट्याचा आजार आम्ही ओळखला नाही. मान धरलीय हे वहिनींनी सांगितलं होतं, मी ते उडवून लावलं. या मुलीचीही चूक नाही, मी शिकवलं तसं तिने केलं. सुईचा काहीएक दोष नव्हता.

"परत सांगा," रामहरी म्हणाला. "मोठ्यानं. समद्यांना ऐकू जाऊ द्या."

मी परत सांगितलं. मागून कुणीतरी शिवी हासडली. मार पडेल असं वाटत होतं, पडला असता तर बरंच झालं असतं. रामहरी माझ्या अंगावरून पुढे भिंतीपाशी गेला.

"वैनी," तो म्हणाला, "चला, बायांत बसा."

आक्काबाई उठल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाशी घेतला आणि हंबरडा फोडला. नवऱ्यासाठी रडायला त्यांना दहा दिवसांनी मोकळीक मिळाली होती.