राहिलेला काना

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. माझ्यासारख्याने जन्मापासून सांगायला सुरुवात करावी अशी रीत आहे, पण मी आधी एका साध्या दिवसाबद्दल सांगणार आहे. त्या दिवशी खंडेनवमी होती. माझे पोट उघडे होते आणि त्यात जनार्दनरावांचा हात होता.

बडोद्याच्या दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात माझी चोवीस वर्षे गेली. या घरातले कोणी पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार खंडेनवमीला पाटावर येते. तिच्या शेजारी जनार्दनरावांची पक्कड आणि पान्हे, पद्माबाईंची विळी असते. मला पाटावर ठेवणे जड, म्हणून मला टेबलावरच हळदकुंकू मिळते. पूजेआधी जनार्दनराव माझे झाकण काढत, मऊ ब्रशने धूळ झाडत, एकेक वायर काढून, पुसून परत जागेवर बसवत.

त्या दिवशीही त्यांनी चार स्क्रू काढून वाटीत ठेवले. सीडीच्या खणामागची बारीक वायर काढली. तेरा वर्षांपूर्वी गळ्याच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. तेव्हापासून त्यांना फुंकरही घालता येत नसे. म्हणून त्यांनी वायरच्या टोकाला कापूस गुंडाळला आणि ते पुसू लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली.

"अहो, नैवेद्य निवतोय! त्या डब्याला किती न्हाऊ घालाल?"

जनार्दनरावांनी एक टाळी वाजवली. म्हणजे ‘आलो’. झाकण लावून त्यांनी एकच स्क्रू फिरवला. तीन स्क्रू वाटीत राहिले, वायर आत लोंबकळत राहिली. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर दोन बोटे टेकवली. उरलेले काम उद्या करू, असा त्याचा अर्थ मला ठाऊक होता.

जेवणानंतर पुण्याहून श्रद्धाचा फोन आला. श्रद्धा ही त्यांची एकुलती मुलगी.

"बाबा इथेच बसलेत. देऊ?" पद्माबाईंनी विचारले.

"नको गं आई. त्यांना उत्तर देता येत नाही, मग उगाच वाईट वाटतं. मी मेसेज करते."

जनार्दनरावांनी फोनसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. थोड्या वेळाने त्यांच्या खिशात मेसेज वाजला: ‘बाबा, पूजेचा फोटो पाठवा.’ त्यांनी तलवारीचा, विळीचा आणि कुंकू लावलेल्या माझा फोटो काढून पाठवला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, जनार्दनराव उठले नाहीत. झोपेतच गेले.

आता माझ्या जन्माकडे येतो. दिनकरराव म्हणून जनार्दनरावांचे मित्र होते, त्यांचे लहरीपुऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचे छोटे दुकान होते. तिथे या दोघांनी मिळून, भजी खात खात, चार रविवारांत मला जोडले. अजूनही माझ्या आत एका पट्टीवर तेलाचा डाग आहे. श्रद्धा तेव्हा दहा वर्षांची होती. ती मला पहिल्यांदा पाहायला आली तेव्हा देवळात यावे तशी चप्पल बाहेर काढून आली.

जनार्दनराव नंदेसरीला एका कारखान्यात दाब आणि तापमान मोजणारी यंत्रे सांभाळत. दिवसभर तिथे गुजराती बोलायचे. घरी आले तरी पहिला चहा पोटात जाईपर्यंत तोंडातली गुजराती उतरत नसे. "श्रद्धा, सांभळ तर!" अशी दारातूनच हाक येई.

"सांभळ काय हो? ऐक म्हणा," पद्माबाई टोकत. "घरात तरी मराठी बोला."

"बराबर. ऐक तर, श्रद्धा." आणि दुसऱ्याच वाक्याला पुन्हा, "सांभळ."

त्यांचे लिहिणेही घाईचे. किराण्याच्या यादीत ते ‘सखर’ लिहीत, ‘चहा पवडर’ लिहीत. श्रद्धा लाल पेन घेऊन त्यांच्या याद्या तपासायची. "बाबा, काना राहिला!" हे वाक्य मी या घरात इतक्यांदा ऐकले की मोजणे सोडून दिले. त्यावर ते म्हणत, "तू दे ना मग. माझ्या वाटचे काने तुझ्याकडेच असू देत."

ते माझे सुखाचे दिवस होते. माझ्यावर श्रद्धाचे प्रकल्प झाले, पद्माबाईंच्या भिशीची पत्रके झाली. पुढे सीडी लिहिणारा खण बसला, तेव्हा जनार्दनरावांना नादच लागला. घरातले फोटो, दाखले, कागद यांच्या सीडी करून ते ज्याच्या त्याच्या हाती देत आणि सांगत, "ही सांभाळ." श्रद्धा पुण्याला शिकायला गेली. दर रविवारी तिचा फोन येई.

"हॅलो बाबा, मी श्रद्धा बोलतेय."

"कोण श्रद्धा? राँग नंबर!" असे म्हणून ते अर्धा तास बोलत.

मग गळ्याचे दुखणे निघाले. ऑपरेशनची तारीख आणि श्रद्धाची परीक्षा एकाच आठवड्यात आली. "तू येऊ नकोस, पेपर दे," असे त्यांनीच तिला बजावले. आदल्या दिवशी त्यांनी दार लोटून घेतले, छोटा माइक समोर ओढला आणि बोलले. त्याची सीडी केली. माझ्याकडे जागा कमी असे, म्हणून मूळ पुसून टाकले. सीडीच्या पाकिटावर मार्करने दोनच शब्द लिहिले: ‘श्रद्धा सांभळ’.

परीक्षा संपवून ती आली तेव्हा ते पाटीवर लिहू लागले होते. परत निघताना त्यांनी पाकीट तिच्या हातात दिले. तिने ते वाचले आणि रडवेल्या चेहऱ्याने हसली. "बाबा, काना राहिला." तो काना तिने मनातल्या मनात देऊन टाकला आणि सीडी पुण्याला कपाटात, दाखल्यांच्या फायलीत ठेवली. फोटो असतील असे तिला वाटले.

पुढच्या दिवाळीत जनार्दनरावांनी पाटीवर लिहून तिला विचारले, ‘सांभळलं?’

"हो बाबा, अगदी नीट सांभाळून ठेवलंय."

त्यांनी खडू उचलला. थोडा वेळ तसाच धरला. मग पाटी पुसली. मी हे सगळे पाहत होतो, आणि मला तोंड असून नसल्यासारखेच होते. त्यांना येणारे फोन मात्र थांबले ते थांबलेच. त्यांच्या जागी मेसेज आले. रोज, न चुकता, प्रेमाने लिहिलेले. जनार्दनराव ते दोनदा वाचत.

मीही जुना झालो. माझ्या घड्याळाची बॅटरी संपली; कधीही जागे केले तरी मला एक जानेवारीच वाटते. "ह्याचं अजून नवीन वर्षच चाललंय," असे पद्माबाई म्हणत. दिनकररावांनी दुकान बंद केले. नव्या लॅपटॉपना सीडीचा खणच नसतो असे ऐकले. मला कोणी विचारीना; फक्त जनार्दनराव अधूनमधून पत्त्यांचा डाव मांडत.

म्हणून ते गेल्यानंतर किती दिवसांनी मला सुरू केले गेले, ते मला नक्की सांगता येणार नाही. श्रद्धा पुण्याहून ती सीडी घेऊन आली होती.

"भिंतीवर लावायला बाबांचा एक बरा फोटो नाही. यात असेल."

सीडी खणात गेली. फोटो निघाले नाहीत. पडद्यावर आले: एक ट्रॅक, चार मिनिटे दहा सेकंद. आकडे पुढे सरकू लागले. स्पीकर गप्प होते.

"अगं," पद्माबाई हळूच म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी बॅग भरत होते. दार लोटून हे कुणाशी तरी बोलत होते. मला वाटलं, मशीनशी भांडतायत."

दोघी माझ्याकडे पाहत राहिल्या. या घरात जनार्दनरावांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. त्यांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये नुसता बँड ऐकू येतो. तेरा वर्षांपूर्वी गेलेला आवाज माझ्या खणात गोल फिरत होता, आणि मला तो बाहेर काढता येत नव्हता.

श्रद्धाने दिनकररावांना फोन लावला आणि तो टेबलावर ठेवला. गुडघ्यांमुळे त्यांना आता जिने चढवत नाहीत.

"काका, सीडी चालतेय, आकडे पुढे जातायत, पण आवाज नाही."

"स्पीकरचा दिवा लागला?"

"लागलाय."

"पिन हिरव्या होलात आहे? जोरात दाबलीस?"

"काका!"

"अगं, तीस वर्षं धंदा केला. निम्म्या लोकांची नुसती पिन ढिली असायची. मी गंभीर तोंड करून ती दाबायचो आणि चहा पिऊन यायचो. दाब."

तिने दाबली. काही झाले नाही. मग त्यांनी तिला कोपऱ्यातल्या भोंग्याच्या चित्रावर दोनदा क्लिक करायला लावले. आवाजाच्या पट्ट्या उघडल्या. सीडीच्या पट्टीखाली ‘आवाज बंद’ची खूण नव्हती. पट्टी वरपर्यंत होती.

"चालू करताना टिंग वाजलं होतं?"

"हो, वाजलं."

"मग स्पीकर बराबर आहे. सीडीचा आवाज स्पीकरपर्यंत पोचत नाही, एवढंच. आता जो, बघ, त्या खणाच्या तोंडावर एक बारीक होल आहे. त्यात इअरफोन घाल आणि सांभळ."

श्रद्धाने खाली पाहिले. रिकामे पाकीट तिच्या हातात होते.

"हॅलो? सांभळतेस ना?"

"काका, काय म्हणालात?"

"सांभळ म्हटलं. ऐक! पुण्याला जाऊन बडोदं विसरलीस काय?"

ती खुर्चीत बसली. पद्माबाईंनी तिच्या हातातले पाकीट घेतले, लांब धरून वाचले.

"यात काना राहिलेला नाही गं," त्या म्हणाल्या. "असंच म्हणायचे ते."

मित्रांनो, इथे मी तुम्हाला एक विनंती करतो. वस्तू सांभाळा, पुसून ठेवा, हे तर मी सांगणारच. माझ्यासारख्याने आणखी काय सांगावे? पण तुमच्या कपाटात कोणी दिलेली एखादी सीडी, एखादी कॅसेट, न फोडलेले पाकीट असेल, तर ते आज उघडा. देणारा माणूस शेजारच्या खोलीत असेल, तर आत्ता उघडा.

पद्माबाईंनी ड्रॉवरमधून जुना इअरफोन काढून दिला. श्रद्धाने तो हातात धरला आणि परत ठेवला.

"नको. एकीच्याच कानात जाईल. काका, आवाज आत कुठे अडकतो?"

"खणापासून बोर्डापर्यंत एक बारीक वायर असते. पण ती आपोआप निघत नाही बेटा. कोणी काढली तरच."

पद्माबाईंची नजर माझ्या डोक्यावरच्या वाटीकडे गेली. तीन स्क्रू. ती वाटी त्या दिवसापासून कोणी हलवली नव्हती.

"मीच हाक मारली होती," त्या म्हणाल्या. "नैवेद्य निवत होता."

श्रद्धाने आईचा हात थोपटला. श्रीखंडाच्या जुन्या डब्यातून वडिलांचा स्क्रू ड्रायव्हर आणला आणि तो एकुलता स्क्रू काढला. आत वायर लोंबकळत होती. तिच्या टोकाला अजून कापूस होता. श्रद्धाने तो सोडवला आणि वाटीत ठेवला.

"उलटी बसणार नाही," फोनमधून दिनकरराव म्हणाले. "खाच बघ आणि दाब. टक झालं की झालं."

टक झाले. तिने पुन्हा पहिल्या सेकंदापासून सुरू केले. आधी थोडी खरखर, मग घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग ते.

"श्रद्धा, सांभळ तर. तुझी आई बॅग भरतेय. दोन टॉवेल पुरे म्हटलं, तर चार घातले. उद्यापासून माझं बोलणं बंद, म्हणजे आता ती दोघांचं बोलेल. तू आली नाहीस ते मीच नको म्हटलं म्हणून. मनाला लावून घेऊ नको. एक काम आहे तुझ्याकडे. फोन करत जा. आईला नाही, मला. मला बोलता येणार नाही, पण डॉक्टर म्हणालेत, कान आहेत तसेच राहणार. तू बोल. काय जेवलीस, कुणाशी भांडलीस. मी ऐकतोय हे कळायला टिचकी मारीन. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे पुरे कर बाई, बॅलन्स संपला. ही बघ."

माइकवर एक टिचकी वाजली.

त्यानंतर बराच वेळ काही नाही. खुर्ची करकरली. खालून कोणी रिक्षावाल्याशी वाद घालत होते. मग अगदी जवळून, "आता हे बंद कुठून करायचं रे?" हे ते माझ्याशी बोलले होते, मित्रांनो. चोवीस वर्षांत मला मिळालेले ते सर्वांत प्रेमाचे वाक्य आहे.

चार मिनिटे दहा सेकंद झाली. तबकडी थांबली. फोनवर दिनकरराव नाक ओढत होते. पद्माबाई पदराने चष्मा पुसत होत्या.

माझ्याजवळ तो छोटा माइक अजून उभा आहे, धुळीने करडा झालेला. श्रद्धाने तो बोटाने पुसला आणि स्वतःकडे वळवला. मग मोठ्याने, पूर्वी रविवारी बोलायची तशी, ती बोलली.

"हॅलो बाबा, मी श्रद्धा बोलतेय. आज आईने आमटी केली होती. खारट झाली होती, आम्ही दोघींनी खाल्ली. बाबा... सांभळलं. आत्ता सांभळलं मी."