मेंदीआडचा लाल उजेड

वैभवीने शाळेच्या प्रदर्शनात ताऱ्यांच्या प्रकाशावर असं भाषण ठोकलं होतं, की तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. पोर दहावीतली, पण रामदासपेठेतल्या दवाखान्याच्या लिफ्टमधून ती अशी बाहेर पडली, जणू आज राउंड तिलाच घ्यायचा आहे!

खाटेवर जयवंता आत्या. आईमागे वैभवीला तिनेच वाढवलेलं. वर्षभरात आत्याची फुप्फुसं वाळल्या दोडक्यासारखी कडक होत गेली होती. नाकात नळी, बोटाला चिमटा, चिमट्यात लाल उजेड आणि शेजारच्या पडद्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा: ब्याऐंशी. उद्या मनीषनगरात आत्याच्या लेकीचं, अस्मिताचं लग्न. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आकडा नव्वदच्या वर गेला तर लग्नापुरतं सोडतो, नाहीतर नाही.

"आत्या, तो आकडा खोटा हाये!"

"काहून वं? तुया बाप मशीन बनवते का?"

"ऐक तं! तारा कशाचा बनला हाये हे कसं कळते? तिथं कोणी जाते का? त्याच्या उजेडात कोणता रंग कमी पडला ते पाहतेत. ज्यानं जो रंग गिळला, तो पकडला जाते. हा चिमटाबी तेच करते. बोटातून उजेड सोडते, रक्तानं किती गिळला ते पाहते."

"मंग बरोबरच पाहून राहिला असन."

"पण मधात धूळ आली, का तारा हाये त्याहून मंद दिसते, लाल दिसते! तुया बोटावर धूळ हाये, आत्या. मेंदी!"

ती मेंदी वैभवीनेच काढली होती, याच खाटेवर बसून, बोटांची टोकं पार नखांपर्यंत भरून. सलाइन बदलणारी उन्नती सिस्टर थबकली.

"गडद मेंदीने फरक पडतो कधीकधी. कानाचा चिमटा आणते."

'कधीकधी' वैभवीच्या कानात शिरलंच नाही. आत्या तर उशीला रेलून बसलीसुद्धा.

"मोरपंखी शालू वरच्या खणात हाये. इस्त्री करून आणशीन?"

कित्येक महिन्यांत आत्याने पहिल्यांदा काही मागितलं होतं.

वैभवीने आत्याच्या उजव्या कानातली कुडी काढली. सिस्टरने पाळीला चिमटा लावला. आधी आकडाच येईना. मग अठ्ठ्याऐंशी! वैभवीने आत्याचा हात गच्च धरला. सत्त्याऐंशी. चौऱ्याऐंशी. आणि ब्याऐंशीवर येऊन तो असा बसला, जसं मे महिन्याच्या दुपारी कुत्रं सावलीला बसतं. उठायचं नाव नाही.

"दुसऱ्या कानाला लावा ना, सिस्टर."

"रक्त तेच आहे, बाळा."

सिस्टरने चिमटा काढून पुन्हा बोटाला लावला. मेंदीतून तोच लाल उजेड, पडद्यावर तोच आकडा.

"म्हंजे धूळ नव्हती," आत्या म्हणाली. "मेंदी रंगली मात्र झकास."

तारा विझत चालला हे उजेडावरून सांगता येतं. त्यात चिमूटभर इंधन घालता येत नाही. हे तिच्या भाषणात कुठेच नव्हतं.

वैभवी आत्याची कुडी परत घालायला गेली. कानाचं भोक सापडेना.

"राहू दे वं. अस्मिताले देजो उद्या." आत्याने दुसरा कान पुढे केला. "हेबी काढ."