खातं नसलेली मुलं

“उशी सरळ केली का? पाय पांघरुणात घेतले का? मग ऐका हं...”

ताईचा हा आवाज अकरा वर्षांपूर्वीचा. कपड्यांच्या कपाटात बसून ती गोष्टी सांगायची. दोन्ही अंगांना लोंबते कोट, मांडीवर माइक. खालच्या सुताराची करवत जेवणाच्या सुट्टीत तासभर थांबायची, तेवढ्यात एक गोष्ट रेकॉर्ड व्हायची. गोष्टी तिच्या, वेबसाइट माझी. कुठल्याही लेकरानं यावं, बटण दाबावं, ऐकता ऐकता झोपून जावं. खातं उघडायचं ते फक्त गोष्ट जपून ठेवायची असेल तर.

वर्षभरानं मी तिला आकडा दाखवला. ऐकणारे एकशे बारा.

“एवढेच? आमच्या शाळेत याहून जास्त पोरं वर्गाबाहेर उभी असायची!” ती म्हणाली. हसली, पण अर्धंच.

त्याच सुमारास एका कोल्ड स्टोरेज गोदामाच्या मालकानं बोलावलं. कुठला माल कुठल्या फळीवर, किती दिवसांचा, गाडी कधी येणार, एवढं सांगणारं सॉफ्टवेअर त्याला हवं होतं. अट एकच: दोघांनी पूर्ण वेळ हेच करायचं, गोष्टींचं खूळ बंद.

मी ताईला पटवलं. “धंद्यातलं गिऱ्हाईक अडलं की फोन करतं, ओरडतं, पण टिकतं. घरबसल्या ऐकणारं माणूस अडलं तर न बोलता निघून जातं. आपल्याला कळतही नाही.”

“कुणी ऐकतच नसेल,” ती म्हणाली, “तर कपाट कपड्यांना परत देऊ.”

एका होडीची गोष्ट चालली होती, सात भागांची. चौथ्या भागात होडी धुक्यात शिरली, आणि तिथेच राहिली.

साइट बंद करायच्या चार दिवस आधी मला माझी चूक सापडली. माझा प्रोग्राम फक्त खातं उघडलेल्यांना मोजत होता. नुसतं बटण दाबून ऐकणारी लेकरं मोजलीच नव्हती. ती मोजली, तर चाळीस हजारांवर गेली. दुसऱ्या दिवशी गोदामाच्या करारावर सही करायची होती. मी लॅपटॉप मिटला आणि पाणी प्यायला उठलो.

आज आमचं सॉफ्टवेअर नव्वद गोदामांत चालतं. अडलेल्यांचे फोन ताई घेते. गोष्ट मात्र तिनं पुन्हा कुणाला सांगितली नाही. माझी लेक गळ्यात पडते, “आत्या, एकच!” तर म्हणते, “मला कुठं येतं गं? तुझ्या बाबाला विचार, कुणी ऐकायचं नाही.”

परवा दुपारी ताईचा फोन स्पीकरवर होता; एका गोदामातली नवी कारकून घाबरून बोलत होती. “मॅडम, गाडी दारात उभी आहे आणि माल दिसतच नाहीये!”

“घाबरू नका. तारीख आजची घेतली का? फळीचा नंबर टाकला का? मग बघा हं...”

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. मग बारीक आवाजात, “दिसला. मॅडम... होडीची गोष्ट तुम्ही सांगायचात का? आम्ही तिघी बहिणी एका उशीवर डोकी ठेवून ऐकायचो. ती होडी पोचली का हो?”

ताईनं टेबलाची कड धरली. “पोचली,” ती म्हणाली. “धुकं दाट होतं ना, म्हणून उशीर झाला.”

फोन ठेवून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. पाठ माझ्याकडे.

“तीन मुली ऐकत होत्या रे, ठोंब्या. त्या तिघींसाठी तरी मी उरलेले तीन भाग सांगायला हवे होते. मीच घाई केली. तुझी काय चूक, तू आकडा दाखवलास तो खराच होता.”

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

“खरा नव्हता, ताई,” मी म्हणालो. “तिघीच नव्हत्या त्या. चाळीस हजार मुलं ऐकत होती. आणि बंद करायच्या आधी मला ते माहीत होतं.”