भागीरथाबाईंची बावीस सेकंदं

पाळणाघरातून फोन आला तेव्हा दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. "ताप एकशे दोनच्या वर आहे," देवकीताई म्हणाल्या. "घाबरू नका, पण या."

माझ्यासमोर स्क्रीनवर भागीरथाबाई लांजेवार होत्या. वय त्र्याहत्तर, गाव कुही. म्युच्युअल फंडातले सगळेच्या सगळे एकोणीस लाख काढायची विनंती. तीनच्या आत मी 'पुढे पाठवा' दाबलं की काम आजच निघणार आणि नंतर कुणालाही ते थांबवता येणार नव्हतं.

आमची कंपनी गुंतवणूक सल्लागारांसाठी सॉफ्टवेअर करते. नागपूर, वर्धा, भंडाऱ्याचे चारेकशे सल्लागार त्यावर आपापल्या क्लायंटचं काम चालवतात. ज्या म्हाताऱ्या माणसांना ओटीपी झेपत नाही त्यांच्यासाठी एक सोय आहे. सल्लागाराने समोर बसून त्यांचा छोटा व्हिडिओ काढायचा. क्लायंटने स्वतःचं नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आणि काय करायचं ते बोलायचं. मशीन चेहरा जुन्या फोटोशी जुळवतं, सत्तर टक्क्यांवर हिरवा दिवा. मग एक माणूस बघतो आणि सोडतो. तो माणूस मी.

ही क्लिप बावीस सेकंदांची होती. जुळणी बहात्तर टक्के. हिरवा दिवा. तरी मी ती चौथ्यांदा बघत होते. डोक्यावरून पदर, मागे खिडकी, त्यामुळे चेहऱ्यावर सावली. "मी भागीरथा दादाजी लांजेवार. नवऱ्याचं नाव दादाजी महादेव लांजेवार. मले माहे सगळे पैसे काढाचे हायेत."

बँक खातं नवं होतं, जोडीला पुतण्याचं नाव. खातं बदललं की दहा दिवस थांबावं लागतं. ते दहा दिवस परवाच संपलेले. मोबाइल नंबरही खात्याबरोबरच बदललेला, जुना बंद. सगळं नियमात बसत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

मागच्या महिन्यात मी असंच एक काम अडवलं होतं. ते खरं निघालं. बायपासचे पैसे होते. तो सल्लागार नव्वद क्लायंट घेऊन दुसऱ्या कंपनीकडे गेला. माझ्या वरिष्ठ अश्लेषा मॅडम ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "गार्गी, बाळंतपणानंतर तू जरा जास्तच घाबरते का गं?"

घाबरते. लेक झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बघते.

मी भागीरथाबाईंची दोन वर्षांपूर्वीची क्लिप उघडली. त्यात त्यांचे सल्लागार मनोहरराव कॅमेऱ्यामागून विचारत होते, "बाई, मालकाचं नाव सांगा." बाईंनी पदर तोंडाशी नेला. "तुमाले मालूम नाही का?"

"मले मालूम हाय. मशीनले नाही."

"मंग तुमीच सांगा मशीनले."

मनोहररावांनी हसत नाव सांगितलं, बाईंनी मान हलवली. खाली आमच्याच कुणाची तरी नोंद होती : क्लायंट पतीचे नाव घेत नाही, मान हलवून संमती.

मी मनोहररावांना फोन लावला.

"हो, झालं ना ते?" ते म्हणाले. "त्या पोराचे दोन फोन येऊन गेले सकाळपासून."

"काका, क्लिप काढताना तुम्ही समोर होते?"

"समोर म्हंजे... अंकितनं पाठवली मले व्हॉट्सॲपवर. पुतण्या आहे तिचा. मी टाकली. ह्या उन्हात कुहीले किती चकरा मारू वं पोरी?"

"भागीरथाबाई नवऱ्याचं नाव घेतात का?"

"हे काय विचारून राहिली?"

"क्लिपमध्ये घेतलंय. न अडखळता."

मग ते हळू बोलले. "दादाजी गेले तवा फॉर्म मीच भरला होता. तिनं तवाही नाव नाही घेतलं. मृत्यूच्या दाखल्यावर बोट ठेवलं." पुढे म्हणाले, "तिचा फोन त्या पोराजवळच राहते. मी निघतो. पण चारच्या आत नाही पोचत."

फोन ठेवला तेव्हा दोन अठ्ठेचाळीस. अश्लेषा मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

"देवकीताईंचा रिसेप्शनला फोन आला होता. तू उचलत नाहीयेस म्हणे. जा ना तू. हे मी सोडते."

"मॅडम, ही बाई ती नाही."

"हिरवा आहे की."

"त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

"माझी आजीपण नव्हती घेत. आता बँकेत खणखणीत सांगते. दोन वर्षांत माणूस बदलत नाही का?" त्यांचा हात माऊसपर्यंत आला होता. "परत एक सल्लागार गेला तर वर मला उत्तर द्यावं लागतं. आणि तुझं प्रोबेशन चालू आहे, हे मी काय सांगायचं तुला?"

मी उठले असते तर त्यांनी दाबलं असतं. त्यात त्यांचं वाईट मन नव्हतं. मला लेकीकडे पाठवायचं होतं त्यांना, आणि मलाही जायचंच होतं. तिला एकदा तापात झटके येऊन गेलेत, तेव्हापासून शंभरच्या वर आकडा ऐकला की मी हातातलं काम टाकून निघते.

नुसतं अडवून ठेवलेलं काम मॅडम सोडू शकतात. नाकारलेलं मात्र मुंबईचं ऑफिसच उघडू शकतं, तेही दुसऱ्या दिवशी. मी 'नाकारा' दाबलं. कारणाची चौकट उघडली.

"काय लिहिशील?" मॅडम म्हणाल्या. "ऑडिटवाले वाचतात हे."

मी लिहिलं : क्लायंटने पतीचे नाव न अडखळता घेतले. खाली माझं नाव आपोआप आलं. दोन त्रेपन्न.

"सोमवारी बोलू आपण," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

सवाचारला मी खामल्यात डॉक्टरांकडे बसले होते. लेक माझ्या खांद्यावर विस्तवासारखी, किरकिर थांबत नव्हती. आमच्याआधी अजून तीन जणांचे नंबर. मनोहररावांचा फोन आला.

"कुहीले आहो. बाई मागच्या अंगणात भांडे घासून राहिल्या होत्या. त्याहीले काहीच मालूम नाही वं. क्लिप दाखवली तं म्हने, ही अंकितची सासू आहे." त्यांचा आवाज बसला होता. "तीस वर्सं मी अभिमानानं सांगत होतो, माह्या क्लायंटले मी चेहऱ्यानं ओळखतो. घे, बोल त्याहीच्याशी."

भागीरथाबाईंनी आधी विचारलं, "कोनाचं लेकरू रडून राहिलं?"

"माझं. ताप आहे."

"कपायावर वली पट्टी ठेव." मग त्यांनी आवाज खाली आणला. "अंकितले पोलिसात नोको देऊ माय. मले याच घरात राहाचं हाय. दुसरं कोन हाय मले?"

नियम असा की फसवणूक दिसली की चोवीस तासांत कंपनीला लेखी कळवायचं, पुढे ते पोलिसांकडे जातं. मी नाही लिहिलं तर पुढचं सगळं माझ्यावर येणार, आणि लिहिलं तर उद्या त्या घरात हिला भाकर कोण देणार.

"मला लिहावं लागेल, काकू," मी म्हटलं.

मागे एका तरुण पोराचा चढलेला आवाज आला, मग दार आपटल्याचा.

"मनोहरकाकांना फोन द्या," मी म्हटलं. ते आल्यावर म्हणाले, "आयकलं मी. आज रात्री इथं नाही ठेवत यांना. माह्या घरी पुष्पलताले सांगतलं, एक ताट वाढव म्हणून."

"पासबुक, आधार सोबत घ्या. त्यांचा मोबाइलही."

"घेतलं ना ते. मोबाइल पोरगा देत नव्हता, हिसकून घेतला." फोन हातात धरूनच ते कुठेतरी वाकले असावेत, भांडी सरकवल्याचा आवाज आला. "थांब जराशी. त्याहीचा चष्मा शोधून राहिलो."