जाळीतली आई

माणसं बायकोला पाटल्या करतात, गोठ करतात. आमच्या ह्यांनी रान घेतलं. बावन्न साली, मुलुंडला, तानसाच्या पाइपलाइनच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. दोन एकर. त्यात ऐन, साग, खैर, चार-दोन मोह आणि उरलेल्या जागेत करवंदीच्या जाळ्या. गिरगावात गॅलरीतल्या डब्यात तुळशीपलीकडे ज्यांनी काही वाढवलं नव्हतं, त्यांना आपलं स्वतःचं रान असावं हे वेड लग्नाआधीपासून होतं. माझ्या वडिलांनी मुलगा बघताना डोकं सोडून बाकी सगळं बघितलं होतं.

रानाच्या कडेला दोन खोल्यांचं कौलारू घर बांधलं. विहीर होती, वीज नव्हती. हे सकाळी डबा घेऊन फोर्टात जायचे, तिथे एका कंपनीत नकाशे काढायचे. मूलबाळ आम्हाला झालं नाही. त्यामुळे दिवसभर मी एका बाजूला आणि झाडं दुसऱ्या बाजूला. खाडीकडून मथुरा कोळीण पाटी घेऊन यायची, तेवढाच माणसाचा आवाज. कोलंबी नको असली तरी मी घ्यायची, म्हणजे ती दोन घटका टेकायची. ती गेली की परत पानांची सळसळ. लोक त्या सळसळीवर कविता करतात म्हणे. त्यांना पाच वर्षं ऐकवा.

ह्यांचा रविवार मात्र सणाचा. थंडीत रानाभोवतीचं गवत कापून मोकळी पट्टी ठेवायची, म्हणजे उन्हाळ्यात वणवा आत येत नाही. पावसाळ्यात मोकळ्या जागी रोपं लावायची. झाडाला आवळणारे वेल कोयत्यानं सोडवायचे. मी तापानं फणफणले तेव्हा डॉक्टरला बोलावून मोकळे झाले, कपाळाला हात काही लावला नाही. ऐनाच्या सालीवरून मात्र तळहात असा फिरवायचे की मला उठून आत जावं लागायचं. हो, मला झाडांचा मत्सर वाटायचा. सवत निदान भांडते तरी.

इथे आलो त्याच आठवड्यात मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हा हे म्हणाले होते, "पाच वर्षं राहून बघ. नाही रमलीस तर विकून टाकू. शब्द देतो."

आणि ह्यांचा शब्द म्हणजे शब्द. देव मानत नाहीत, सत्यनारायणाला कधी उंबरा ओलांडू दिला नाही, पण दिलेला शब्द मोडला असं ऑफिसात, नात्यात कुणी म्हणणार नाही. त्या शब्दावर मी पाच वर्षं काढली.

सत्तावन्नच्या श्रावणात माझ्या बहिणीचा, सुहासिनीचा निरोप आला. घाटकोपरला तिच्याच मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत होत्या. नळ, वीज, समोर शेजार. मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. मी ह्यांना म्हटलं, "पाच वर्षं झाली." त्यांचा चेहरा उतरला, पण एका शब्दानं वाद घातला नाही. स्वतः भांडुपला जाऊन बळवंतराव वखारवाल्यांना घेऊन आले.

बळवंतरावांनी झाडं पाहिली, सागाच्या बुंध्याला मिठी मारून घेर मापला आणि मान डोलावली. "दिवाळीच्या आधी तोडणारे घेऊन येतो, तेव्हाच व्यवहार पुरा करू. पण वहिनी, झाडं आज आहेत तेवढी उभी पाहिजेत. चोरी झाली तर सौदा विसरा."

जणू चोरांनी ऐकलंच. पुढच्याच आठवड्यात खैर गेला, मग एक सागाचं पोर. हे ऑफिसला गेले की वरच्या अंगाला कुऱ्हाडीचा आवाज यायचा आणि मी ओरडत पोचेपर्यंत नुसता खुंट उरलेला. ज्या झाडांचं तोंड बघायला नको झालं होतं, त्यांच्यासाठी मी काठी घेऊन धावत होते. घाटकोपरच्या खोल्या त्या खोडांबरोबर चालल्या होत्या.

मग मला सुचलं. चोर काठीला भीत नाही, पोलिसाला भीत नाही. शेंदराला भीत नाही असा चोर मात्र अजून जन्माला यायचाय.

वाण्याकडून शेंदूर आणला, तेलात कालवला. वरच्या वाटेवर, मोठ्या करवंदीच्या जाळीपाशी एक उभट दगड होता, त्याला भरपूर फासला. जुन्या चोळीचा हिरवा खण पुढ्यात ठेवला, दोन लिंबं, चार बांगड्या. हात धुतले आणि घरी येऊन निवांत चहा केला.

रविवारी ह्यांनी तो दगड पाहिला आणि मोठ्यानं हसले. "हा कुणाचा उद्योग?"

"चोरांसाठी आहे," मी म्हटलं. "सौदा झाला की पुसून टाकीन."

"झकास. तुझा देव निदान कामाचा तरी आहे."

कुऱ्हाड थांबली. एक फांदीसुद्धा गेली नाही. मी स्वतःवर खूश होते. मग एक दिवस दगडापुढे माझा नसलेला नारळ दिसला. नंतर उदबत्त्या, हळदकुंकू. मथुरा पाटी बाजूला ठेवून वर जाऊन आली आणि म्हणाली, "जाळीतली आई जागी झाली गो बाय. लई कडक हाय." पाइपलाइनपलीकडच्या वस्तीतल्या बायका येऊ लागल्या. वाट माझ्या स्वयंपाकघरावरून जायची, म्हणून त्या मलाच हाक मारायच्या. पाणी दे, काडेपेटी दे, ओटी भरायला ये. मीही गेले. म्हटलं, थोडे दिवस आहेत, कशाला कुणाचं मन मोडा.

दिवाळीच्या आधी बळवंतराव तोडणारी माणसं घेऊन आले. माणसं जाळीपाशी पोचली आणि त्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. बळवंतरावांनी वहाणा काढल्या आणि ते ह्यांच्याकडे वळले.

"मार्तंडराव, हे आधी सांगायचं होतंत. आईच्या रानात कुऱ्हाड घालून मला माझ्या लेकरांची वाट लावायची नाही."

"अहो, कसली आई!" मी पुढे झाले. "मी फासलाय तो शेंदूर. या हातांनी. चोर येऊ नयेत म्हणून."

कुणी हसलंसुद्धा नाही. ओटी घेऊन आलेल्या बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मथुरानं माझा हात धरला. "तुजा हात तिनंच धरला गो बाय. नायतर इतक्या दगडांत ह्योच कसा गावला तुला?"

मी ह्यांच्याकडे वळले. "तुम्ही सांगा ना! तुम्हाला माहीत आहे सगळं."

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "मी काय सांगणार? माझा देवावर विश्वास नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझं कोण ऐकेल?"

माझ्या अंगाची आग झाली. पण मी हरायला तयार नव्हते. "बळवंतराव," मी म्हटलं, "शनिवारी मी हा दगड सगळ्यांसमोर पुसते. देवी असेल तर करील माझं काय करायचं ते. रविवारी तुम्ही या. दगड कोरडा आणि मी धडधाकट असले, तर घ्याल रान?"

त्यांनी दगडाकडे बघून एकदा हात जोडले. "आईनं पुसू दिलं तर माझी हरकत नाही, वहिनी. रविवारी येतो."

शनिवारी दुपारी मी रॉकेल आणि नारळाची शेंडी घेऊन बसले. बायका लांब उभ्या राहून बघत होत्या, एक-दोघी रडत होत्या. दगड घासून घासून पुसला. कातळाचा मूळ काळा रंग आला तेव्हा माझे खांदे भरून आले होते. घरातला उरलेला शेंदूर वाटीसकट जाळीत भिरकावला. संध्याकाळी सुहासिनीचं घर, तिच्या मजल्यावरचा दिवा, तिथल्या बायकांची बडबड डोळ्यांपुढे येत होती. कितीतरी महिन्यांनी मी गुणगुणत भाकऱ्या केल्या. ह्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली.

रविवारी उजाडता उजाडता मी चूल पेटवली आणि खिडकीशीच बसले. वाटेनं कुणी वर गेलं नाही. हे नेहमीसारखे झाडांची फेरी मारून आले आणि अंघोळीला गेले. बळवंतराव आले तसे आम्ही तिघं वर गेलो.

दगड लालभडक होता. तेल अजून ओघळत होतं.

बळवंतरावांनी तिथेच लोटांगण घातलं. उठून मला नमस्कार केला, मला, आणि उतरून गेले. ते परत येणार नाहीत हे मला कळलं. त्यांच्यानंतर दुसरा कुणीही येणार नव्हता. आणि खोटं कशाला सांगू, ह्या रानात पहिल्यांदाच मी मनापासून हात जोडले. म्हटलं, आई, चुकले. पण मला इथून जाऊ दे.

दुपारी पानं वाढली. ह्यांनी भात कालवायला हात पुढे केला आणि मला त्यांची नखं दिसली. पाचही बोटांच्या नखांच्या कडेनं केशरी रेघ होती.

त्यांनी माझी नजर पाहिली. हात मागे घेतला नाही.

"हात धुऊन या," मी म्हटलं.

"धुतलेत. दोनदा साबण लावला. जात नाही गं तो."

मला ओरडायचं होतं, ताट भिरकावायचं होतं. पण ओरडून सांगणार कुणाला? माझं खरं ऐकून लोक माझ्याच पाया पडत होते. ह्यांनी शब्द पाळला होता. रान विकायला काढलं होतं, गिऱ्हाईक स्वतः आणलं होतं. मोडता घातला तो आईनं, आणि आईला आणलं मी.

"आता अजून किती वर्षं इथे?" मी विचारलं.

ते खाली बघून भात जेवत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यानं मला काही वाटलं नाही.

एवढ्यात बाहेरून बायकांची हाक आली. "बाई, आईची ओटी भरायचीय. नवा शेंदूरपण तुमच्याच हातचा लावायचाय. येता ना?"

मी पानावरून उठले. हात धुतला, पदर सारखा केला.

"शेंदराची वाटी कुठे ठेवलीत?" मी ह्यांना विचारलं.