माथ्यावरच्या चार ओळी

“ह्या प्रिंटरला रोज सकाळी हळदकुंकू लावा, तवा कुठं बाई मराठी उमटवणार!” रामनाथ पुटपुटला. स्वतःशीच, पण हंसाची खुर्ची त्याच्या खुर्चीला लागून होती, तेव्हा ते तिच्यासाठीच.

सत्त्याण्णव साल. बोईसरच्या त्या लहान कंपनीत फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम चाले. तिच्यातला मराठी छपाईचा प्रोग्राम, त्यांच्या भाषेत ‘तुकडा’, हंसाच्या नवऱ्यानं, चिंचणीच्या कमलाकांतनं लिहिलेला. तो दोन वर्षांपूर्वी तापानं गेला, तेव्हापासून हंसाच तो सांभाळी. पुस्तकं चाळत, चुकत शिकलेली. तुकड्याच्या माथ्यावर कमलाकांतच्या चार ओळी होत्या. नाव, गाव आणि अट: घ्या, बदला, वाटा, मात्र बदललेलंही असंच खुलं ठेवा नि हे नाव पुसू नका.

“वैनी, नवाच लिहू या. ह्यो लय गुंतलाय,” रामनाथ म्हणाला. तो कमलाकांतचा बालमित्र.

“आमच्या कोळ्यांत जाळं फाटलं तर सांधतात. समुद्रात नाय टाकून देत.”

“समुद्रातच टाकतात की जाळं!”

हसू आलं तरी हंसाला ते लागलं. कारण गुंता तिचाच होता. चुकलेली ओळ ती कधी खोडायची नाही. पुढं खूण घालून तिला निजवायची, म्हणजे मशीन ती वगळायचं, आणि खाली आपली लिहायची. कमलाकांतचा हात फिरलेली ओळ, खोडणार कशी? अशा तीनशे ओळी निजून होत्या.

त्या आठवड्यात तिनं त्या एकेक करून पुसल्या. दोनशे चाळिसाव्या ओळीशेजारी त्याची टीप होती: ‘इथं अडतंय. हंसाला विचारायचं.’

विचारायचं राहूनच गेलं होतं. बराच वेळ तिचं बोट तिथंच थांबलं. मग तिनं तीही पुसली.

शनिवारी प्रिंटरनं एका दमात पान काढलं. काना-मात्रा जागच्या जागी.

“आता सांगा, कुठं गुंतलंय?”

“वेग जरा...” रामनाथ म्हणाला.

“दुप्पट झालाय.”

“मालक म्हणतात, जुन्या पद्धतीचं...”

“रामनाथभावजी.”

त्यानं कागद फाडून घेतला, उगाच उजेडात धरला. बघितलं मात्र हंसाकडे नाही.

“तुकडा पैल्यापासनं चांगलाच हाय, वैनी. मालकांना तो कुलूप घालून विकायचाय. कमलाकांतची अट नको, म्हणून नवा लिहायचा, म्हणून त्याचं नावच नको.”